सहीनंतरची चूक : वाहनखरेदीच्या एका करारपत्राचा विचार

१. एक कागद

बोलीच्या नोंदी घेण्याच्या निमित्ताने प्रस्तुत लेखकाचे जुन्नर तालुक्यातील पिंपरी पेंढार ह्या गावी अधूनमधून जाणे होते. आळेफाटा आणि ओतूर ह्यांच्या दरम्यान, कल्याणहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या महामार्गावर हे गाव आहे. गतवर्षी तेथील एका परिचित शेतकरी गृहस्थांनी बोलता बोलता एक कागद पुढे केला. भाजीपाला बाजारात नेण्यासाठी त्यांनी शहरातील एका विक्रेत्याकडून जुने पिकअप वाहन घेण्याचे ठरविले होते. इसार दिला होता, मुद्रांकावर करारपत्र झाले होते, उभयतांच्या आणि दोघा साक्षीदारांच्या सह्याही झाल्या होत्या. घरी आल्यावर त्यांच्या मुलीने तो कागद सावकाश वाचला आणि त्यात काही चुका आहेत असे तिच्या ध्यानात आले.

"सर, सही तर होऊन बसली. आता चूक निघायची कशी?" असा त्यांचा प्रश्न होता.

गावात त्यांना दोन सल्ले मिळाले होते. एकाने म्हटले होते, "आकडाच तर चुकलाय, पेनाने नीट करून टाका." दुसऱ्याने म्हटले होते, "सही केली म्हणजे हात कापून दिले. आता बोलायचे काम नाही." पहिल्या सल्ल्यात कागदाला काहीच किंमत नाही, तर दुसऱ्यात माणसांच्या हेतूला काहीच किंमत नाही. कायदा आणि भाषाविचार ह्या दोहोंच्या कसोटीवर हे दोन्ही सल्ले चूक ठरतात. ते का चूक ठरतात आणि मग योग्य मार्ग कोणता, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखक वकील नव्हे. व्यवहारातील प्रत्यक्ष प्रकरणी वकिलाचाच सल्ला घेतला पाहिजे. परंतु करारपत्र हा मुळात भाषेचा व्यवहार असल्यामुळे त्यातील चुकीचे स्वरूप ओळखण्याच्या कामी भाषेच्या अभ्यासकाला काही सांगता येईल असे वाटते.

त्या कागदात चार गोष्टी खटकत होत्या. (१) वाहनाच्या चॅसी क्रमांकातील एका अक्षराच्या जागी दुसरेच अक्षर पडले होते. (२) किंमत रु. ५,१३,००० आणि इसार रु. ५०,००० असे लिहून राहिलेली रक्कम मात्र आकड्यांत रु. ४,५३,००० व अक्षरी 'चार लाख त्रेसष्ट हजार' अशी दिली होती. (३) 'वाहन पिंपरी येथे ताब्यात दिले जाईल' असे वाक्य होते. गृहस्थांच्या समजुतीप्रमाणे ही पिंपरी म्हणजे त्यांचे गाव, तर विक्रेत्याच्या मते पिंपरी-चिंचवड शहरातील पिंपरी. (४) वाहन एका लिटरला अमुक किलोमीटर जाईल अशी गृहस्थांची खात्री होती. कागदात त्याविषयी एक अक्षरही नव्हते.

व्यवहारात ह्या चारही गोष्टींना आपण 'चूक' हा एकच शब्द लावतो. प्रत्यक्षात ह्या चार निरनिराळ्या जातीच्या चुका आहेत, आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे.

२. चुकीचे स्थान

लेखी कराराच्या पोटात तीन गोष्टी असतात : दोन माणसांच्या मनांतील समजूत, तिला शब्दरूप देणारा लेख, आणि तो लेख ज्या वस्तूकडे बोट दाखवितो ती वस्तू. चूक ह्या तिहींपैकी कोठे झाली हे आधी ठरविले पाहिजे. समजूत एक असून लेख चुकला, तर तो लेखनप्रमाद होय. लेख बरोबर असून तो एकाहून अधिक वस्तूंना लागू पडत असला, तर तो निर्देशदोष होय. मुळात समजूतच एक नसेल, तर तो संमतीचा अभाव होय. आणि समजूतही एक, लेखही बरोबर, वस्तूही तीच, परंतु त्या वस्तूविषयी बांधलेला अंदाज मात्र फसला, तर ती ज्याची त्याची चूक होय.

भारतीय करार अधिनियम, १८७२, ह्याच्या कलम १३ मधील संमतीची व्याख्या भाषेच्या विद्यार्थ्याने आवर्जून वाचण्यासारखी आहे. दोन किंवा अधिक व्यक्ती एकाच गोष्टीबद्दल एकाच अर्थाने सहमत होतात तेव्हा त्यांनी संमती दिली असे ती व्याख्या म्हणते. 'एकाच गोष्टीबद्दल' हा निर्देशाचा प्रश्न आहे, तर 'एकाच अर्थाने' हा अर्थाचा. सहीचा ह्या व्याख्येत उल्लेखही नाही. सही हा संमतीचा बळकट पुरावा आहे, परंतु ती म्हणजे संमती नव्हे. 'हात कापून दिले' ह्या सल्ल्यातील गफलत नेमकी येथे आहे.

३. लेखनप्रमाद

चॅसी क्रमांकाची चूक प्रथम घेऊ. आंतरराष्ट्रीय प्रघातानुसार वाहनाचा हा ओळखक्रमांक सतरा चिन्हांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही तीन रोमन अक्षरे मुद्दामच वापरत नाहीत, कारण एक आणि शून्य ह्या अंकांशी त्यांची गल्लत होते. म्हणजे क्रमांक योजणाऱ्यांनी डोळ्याची फसगत होऊ नये ह्याची काळजी घेतली आहे. कानाची मात्र कोणी घेतलेली नाही. बी, डी, जी, पी, टी ही सारी अक्षरनामे एकाच स्वरात संपतात, आणि दूरध्वनीवरून क्रमांक सांगितला तर ऐकणाऱ्याला त्यांतील फरक कळणे कठीण जाते. प्रस्तुत कागदात 'डी'च्या ठिकाणी 'बी' पडले ते असेच, क्रमांक फोनवरून उतरवून घेताना. आपल्याकडे आणखीही एक घोटाळा संभवतो. देवनागरीतील एक हा अंक आंतरराष्ट्रीय नऊच्या अंकासारखा दिसतो, त्यामुळे दोन लिप्यांतील अंक एकाच कागदावर आले की नक्कल करणारा फसतो.

ह्या चुकीमुळे करार मोडतो काय? नाही. वर्णनातील एखादा तपशील चुकला तरी बाकीच्या वर्णनावरून वस्तू निःसंदिग्ध ओळखता येत असेल, तर केवळ त्या तपशिलामुळे व्यवहार नाहीसा होत नाही, हे तत्त्व रोमन विधिशास्त्रापासून चालत आले आहे. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२, ह्याच्या कलम ९५ खालील उदाहरण ह्याच धर्तीचे होते. एकाने 'माझे कलकत्त्यातील घर' विकले, पण कलकत्त्यात त्याचे घरच नव्हते. हावड्यास मात्र होते, आणि लेख झाल्यापासून ते खरेदीदाराच्या ताब्यात होते. अशा वेळी हावड्याचेच घर अभिप्रेत होते हे सिद्ध करता येते. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३, ह्याने घेतली आहे. नियम मात्र कलम ९८ मध्ये कायम आहे. आमच्या गृहस्थांच्या कागदात वाहनाचा नोंदणीक्रमांक, इंजिन क्रमांक, बनावट व वर्ष ही सारी बरोबर होती. तेव्हा वाहन कोणते ह्याविषयी शंका नव्हती.

असे असूनही ही चूक तशीच ठेवणे धोक्याचे होते. न्यायालय संदर्भ पाहून अर्थ लावते. परिवहन कार्यालयातील, विमा कंपनीतील किंवा बँकेतील कारकून तसे करू शकत नाही, तो अक्षराशी अक्षर ताडून पाहतो. मालकी बदलण्यासाठी भरावयाच्या नमुना २९ व नमुना ३० ह्या दोन्ही अर्जांत चॅसी क्रमांक लिहावा लागतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८, ह्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात वाहन विकल्यास विकणाऱ्याने चौदा दिवसांत, तर घेणाऱ्याने तीस दिवसांत त्याची खबर द्यावयाची असते. कागद जुळत नाहीत म्हणून हे काम रेंगाळले, तर वाहन एकाच्या दारात आणि नोंदीत मालक दुसराच, अशी स्थिती होते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार ह्या प्रकरणात सांगितले की, वाहन प्रत्यक्षात हातोहात विकले गेले असले तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईच्या दृष्टीने मालक होय. म्हणजे एका अक्षराच्या चुकीपोटी झालेला विलंब विकणाऱ्याच्याही अंगाशी येऊ शकतो. दुरुस्तीत दोघांचेही हित आहे, हे समोरच्या पक्षाला पटवून देण्यास हा मुद्दा पुरेसा आहे.

आता रकमेची चूक. आकडे आणि अक्षरे ह्यांत तफावत पडली तर अक्षरे ग्राह्य, असा नियम परक्राम्य लेखांच्या, म्हणजे धनादेश, हुंडी वगैरेंच्या १८८१ च्या कायद्यात कलम १८ मध्ये आहे. करारपत्राला तो थेट लागू होत नाही, परंतु अर्थ लावण्याची रीत म्हणून सामान्यतः तोच कल असतो. ह्याचे कारण भाषिक आहे. एक अंक बदलला तरी संख्या सुसंगतच दिसते, त्यामुळे चूक लपून राहते. शब्दात एखादे अक्षर चुकले तर बहुधा तो शब्दच उरत नाही, म्हणून चूक उघडी पडते. आपल्या पेढीवाल्यांना हे पुरते ठाऊक होते. जुन्या हुंडीत रक्कम आकड्यांत लिहीत, अक्षरी लिहीत, आणि शिवाय तिच्या निम्म्या रकमेची दुप्पट अशी तिसऱ्यांदाही नोंदवीत. कोणी एका ठिकाणी फेरफार केला तर उरलेली दोन ठिकाणे त्याच्याविरुद्ध साक्ष देत.

तथापि मराठीत अक्षरांवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. आपल्या संख्यावाचक शब्दांत एकक आधी व दशक मागून येते, आणि दशकाचे रूप पुष्कळदा झिजलेले असते. त्रेपन्न व त्रेसष्ट, किंवा बावन्न व बासष्ट ही रूपे घाईने बोलताना किंवा लिहिताना एकमेकांच्या जागी येऊ शकतात. प्रस्तुत कागदात सुदैवाने तिसरा साक्षीदार हजर होता. एकूण किमतीतून इसार वजा केला की रु. ४,६३,००० हीच बाकी राहते. तेव्हा अक्षरे बरोबर आणि आकडा चूक, हे कागदाने स्वतःच सांगितले. अशी उघड चूक न्यायालय लेखाचा अर्थ लावतानाच बाजूला सारते.

पण सगळ्याच लेखनप्रमादांचा निकाल कागदाच्या आतल्या आत लागत नाही. समजा, किंमतच चुकून रु. ५,३१,००० पडली असती आणि बाकीची रक्कमही तीवरून काढली असती, तर कागद आपल्यापुरता निर्दोष दिसला असता. अशा वेळी विशिष्ट दादविषयक कायदा, १९६३, ह्यातील कलम २६ उपयोगी पडते. कपटामुळे किंवा उभय पक्षांच्या सामायिक चुकीमुळे लेखात त्यांचा खरा हेतू उतरला नसेल, तर त्या लेखाची दुरुस्ती न्यायालयाकडे मागता येते. त्याला मर्यादाही आहेत. चूक दोघांची असल्याचे किंवा कपट झाल्याचे दाव्यात स्पष्ट मांडावे लागते व सिद्ध करावे लागते. २०१३ मध्ये जोसेफ जॉन पीटर सॅंडी विरुद्ध वेरोनिका थॉमस राजकुमार ह्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ह्यावरच भर दिला. शिवाय, मधल्या काळात कोणा तिऱ्हाइताने सद्‌भावाने व मोबदला देऊन हक्क मिळविला असेल, तर त्याला धक्का लावून दुरुस्ती होत नाही. चूक ध्यानात आल्यावर स्वस्थ बसू नये ह्याचे हे एक मोठे कारण आहे.

४. निर्देशदोष

'पिंपरी येथे' ह्या शब्दांची गोष्ट वेगळी आहे. येथे लेखनिकाने काही चुकीचे लिहिलेले नाही. शब्द शुद्ध आहे, वाक्य शुद्ध आहे. परंतु त्या शब्दाला साजतील अशी गावे दोन आहेत. पिंपळाच्या कुळातील वृक्षांवरून पडलेली ग्रामनामे आपल्याकडे विपुल आहेत. एकट्या जुन्नर तालुक्यात पिंपरी पेंढारखेरीज पिंपळवंडी आहे, पिंपळगाव जोगा आहे. नावे अशी एकसारखी झाली की लोकव्यवहार त्यांना दुसरे पद जोडतो. पेंढार, जोगा, बुद्रुक, खुर्द ही पदे केवळ शोभेची नसून भेददर्शक आहेत. घरच्या बोलण्यात मात्र ती गळतात, कारण ऐकणाऱ्याला कोणते गाव ते ठाऊकच असते. करारपत्र घरच्या बोलीत लिहिले गेले आणि परक्याने वाचले, ह्यातून हा घोळ झाला.

विधिग्रंथांत ह्या प्रकारचा गाजलेला खटला आपल्या मुंबईशी निगडित आहे. रॅफल्स विरुद्ध विकेलहाउस ह्या १८६४ च्या इंग्लंडमधील प्रकरणात, मुंबईहून 'पीअरलेस' ह्या जहाजाने येणारा कापूस खरेदी करण्याचा करार झाला होता. पुढे असे दिसून आले की मुंबईहून 'पीअरलेस' नावाची दोन जहाजे निघाली होती, एक ऑक्टोबरात आणि दुसरे डिसेंबरात. खरेदीदाराच्या मनात पहिले होते, विक्रेत्याच्या मनात दुसरे. निकाल खरेदीदाराच्या बाजूने लागला. विक्रेत्याला कराराची बजावणी मागता आली नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम ९६ चे उदाहरण तर ग्रामनामाचेच होते. एकाने दुसऱ्याबरोबर हैदराबादेस जाण्याचे कबूल केले. ते दक्षिणेतील हैदराबाद की सिंधमधील, हे दाखविणाऱ्या वस्तुस्थितीचा पुरावा देता येतो. नव्या अधिनियमात हाच नियम कलम ९९ मध्ये आहे.

ह्या ठिकाणी दोन प्रकारची संदिग्धता वेगळी ठेवली पाहिजे. कागद वाचताक्षणी जी दिसते ती उघड संदिग्धता. 'घोडा एक हजारास किंवा दीड हजारास विकला' असे लिहिले असेल, तर नेमकी किंमत कोणती हे बाहेरचा पुरावा आणून ठरविता येत नाही, असे जुन्या कलम ९३ चे उदाहरण सांगते. लेखकांनी जे ठरविलेच नाही, ते न्यायालयाने त्यांच्यासाठी ठरवू नये, हा त्यामागचा विचार. उलटपक्षी, 'पिंपरी' हा शब्द वाचताना काहीच खटकत नाही. कागद जगाला लावून पाहिला की मगच अडचण दिसते. ही सुप्त संदिग्धता होय, आणि ती दूर करण्यासाठी बाहेरचा पुरावा चालतो. त्यापूर्वी झालेला पत्रव्यवहार, फोनवरील निरोप, वाहन पोहोचविण्याच्या खर्चाविषयीचे बोलणे, ह्या साऱ्यांना येथे महत्त्व येते.

ह्याच कुळातील आणखी एक कलम भाषेच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. न वाचता येणाऱ्या खुणा, परभाषेतील, जुने, तांत्रिक, स्थानिक किंवा प्रांतिक शब्द आणि संक्षेप ह्यांचा अर्थ दाखविण्यासाठी पुरावा देण्यास जुन्या कलम ९८ ने, आणि आता नव्या कलम १०१ ने, मुभा दिली आहे. आपल्याकडे टाटा कंपनीच्या २००५ मध्ये निघालेल्या 'एस' ह्या लहान मालवाहू गाडीला लोक 'छोटा हत्ती' म्हणतात. उद्या कोणी साध्या कागदावर 'माझा छोटा हत्ती अमुक किमतीस विकला' असे लिहून दिले, तर न्यायालयात प्राण्याची चर्चा होणार नाही. बोलीतील रूढ अर्थ सिद्ध करता येईल.

५. संमतीचा अभाव

परंतु पुराव्याअंती असेच निष्पन्न झाले की दोघेही प्रामाणिक होते आणि दोघांच्या मनांत खरोखरच दोन भिन्न गोष्टी होत्या, तर काय? येथे कागद दुरुस्त करून भागत नाही, कारण दुरुस्त कागदात काय लिहावयाचे हेच ठरलेले नसते. उभय पक्ष कराराला अत्यावश्यक अशा वस्तुस्थितीबाबत चुकीच्या समजुतीत असतील, तर करार शून्य होय, असे करार अधिनियमाचे कलम २० सांगते. त्याखालील एक उदाहरण असे : घोड्याचा सौदा झाला, पण सौद्याच्या वेळी तो घोडा मेलेला होता आणि हे दोघांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते.

ह्या कलमाचा एक बोलका वापर १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तरसेम सिंग विरुद्ध सुखमिंदर सिंग ह्या प्रकरणात केला. जमिनीचा सौदा झाला होता. परंतु दर 'कनाल' ह्या मापाने की 'बिघा' ह्या मापाने, ह्याविषयी दोघांच्या समजुती जुळत नव्हत्या. न्यायालयाने करार शून्य मानला, आणि कलम ६५ मधील तत्त्वानुसार खरेदीदाराचा इसार परत देण्याचा निर्णय कायम केला. मापाचा एक शब्द दोघांनी दोन अर्थांनी घेतला म्हणून सही असूनही करार उभा राहिला नाही, आणि करारच नसल्यामुळे इसारही कोणाला गिळंकृत करता आला नाही.

आमच्या गृहस्थांच्या बाबतीत वाहन कोणते व किंमत किती ह्यांवर एकमत होते. मतभेद होता तो ताबा कोठे द्यावयाचा एवढ्यापुरता. तेवढ्यावरून सारा करार शून्य म्हणणे कठीण होते. ताब्याच्या जागेविषयी करारात काही ठरले नसेल, तर विक्रीच्या वेळी माल जेथे असेल तेथेच तो द्यावयाचा, असे मालविक्री अधिनियम, १९३०, ह्याचे कलम ३६ सांगते. म्हणजे वाद विकोपाला नेला असता तर गृहस्थांना बहुधा शहरात जाऊनच वाहन आणावे लागले असते. हे त्यांना आधी सांगणे आवश्यक होते, कारण आपली बाजू किती बळकट आहे हे न ओळखता भांडणारा माणूस जिंकता येण्याजोगी गोष्टही घालवून बसतो.

६. अंदाजाची चूक

राहिली चौथी चूक. वाहन लिटरला किती जाईल हा गृहस्थांचा स्वतःचा अंदाज असेल, तर त्याला कायद्यात उपाय नाही. वस्तूच्या मूल्याविषयीचे चुकीचे मत म्हणजे वस्तुस्थितीविषयीची चूक नव्हे, असे कलम २० च्या स्पष्टीकरणातच म्हटले आहे; आणि केवळ एका पक्षाची चूक झाली म्हणून करार रद्द करता येत नाही, असे कलम २२ सांगते.

मात्र विक्रेत्याने तसे तोंडी आश्वासन दिले असेल, तर प्रश्न बदलतो. कागद ज्या विषयावर मुका आहे आणि कागदातील मजकुराशी ज्याचा विरोध नाही, असा वेगळा तोंडी करार सिद्ध करता येतो. जुन्या कलम ९२ खाली ह्याचेही उदाहरण घोड्याचेच होते. घोडा निरोगी असल्याची तोंडी हमी दिली आणि पावतीत मात्र 'पाचशे रुपयांस घोडा घेतला' एवढेच लिहिले, तरी ती हमी सिद्ध करता येते. मीटर मागे फिरविणे किंवा अपघात लपविणे असे काही घडले असेल, तर ती चूक राहत नाही, ते कपट होते. मग कलम १७ ते १९ अन्वये करार रद्द करण्याचा पर्याय खुला होतो. व्यावसायिक विक्रेत्याकडून स्वतःच्या उपजीविकेसाठी वाहन घेणाऱ्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९, ह्याखाली जिल्हा आयोगाकडेही जाता येते. गृहस्थांना विचारले तेव्हा त्यांनी सरळ सांगितले, "तसं ते काही बोलले नव्हते, माझाच हिशेब होता." तेव्हा ही चूक यादीतून काढून टाकली.

७. दुरुस्तीची रीत

पेनाने आकडा नीट करण्याचा सल्ला का वाईट, हे आता सांगितले पाहिजे. सही झालेल्या लेखात एका पक्षाने दुसऱ्याच्या संमतीवाचून महत्त्वाचा फेरफार केला, तर तो लेख फेरफार करणाऱ्याच्या उपयोगाचा राहत नाही, असे तत्त्व आहे. हेतू अप्रामाणिक ठरला तर प्रकरण खोटा दस्तऐवज करण्याच्या गुन्ह्यापर्यंत जाऊ शकते. विशेष खेदाची गोष्ट ही की फेरफार करणाऱ्याचे म्हणणे मुळात खरे असते. पण खाडाखोड केल्यामुळे त्याचा खरेपणाच संशयास्पद होतो. शेतकऱ्यांना ह्याचे एक परिचित उदाहरण देता येईल. सातबाऱ्यावरील हस्तदोष तलाठ्याने आपल्या मनाने पुसून चालत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, ह्याच्या कलम १५५ प्रमाणे, हितसंबंधी पक्षांनी मान्य केलेली किंवा त्यांना नोटीस देऊन तपासलेली चूकच दुरुस्त होते. तत्त्व एकच आहे : चूक दोघांना दिसली पाहिजे, आणि दुरुस्तीही दोघांनी पाहिली पाहिजे.

योग्य रीत अशी. मूळ कागदाला हात लावू नये. त्याची छायाप्रत काढून चुका तिच्यावर टिपाव्या. दुसऱ्या पक्षाला लेखी कळवावे, आणि ह्या पत्रात आरोपाची भाषा नसावी. तो सहमत असल्यास चूकदुरुस्तीपत्र करावे. त्यात मूळ कराराची तारीख व पक्षांची नावे द्यावीत, कोणत्या परिच्छेदातील कोणता मजकूर चुकला ते जसेच्या तसे उतरावे, त्याऐवजी काय वाचावे ते लिहावे, आणि शेवटी बाकी सर्व अटी पूर्ववत कायम आहेत असे नमूद करावे. मूळ कागदावर ज्यांनी सह्या केल्या त्या सर्वांच्या सह्या, साक्षीदारांसह, ह्यावरही घ्याव्यात, आणि दोघांजवळ एकेक प्रत राहावी. योग्य मुद्रांकाविषयी वकिलाला विचारावे. वाहनावर कर्जाचा बोजा असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेला, तसेच विमा कंपनीला, दुरुस्तीची प्रत द्यावी. दुसरा पक्ष दाद देत नसेल तरच नोटीस आणि मग कलम २६ चा दावा, हा क्रम ठेवावा.

ह्या पत्रातील 'ह्याऐवजी असे वाचावे' हे शब्द आपणां सर्वांच्या ओळखीचे आहेत. आपल्या ग्रंथांच्या शेवटी येणारे शुद्धिपत्र ह्याच शब्दांत लिहिलेले असते. चुकीचा पाठ त्यात पुसला जात नाही. तो शुद्ध पाठाच्या शेजारी उभा केला जातो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, तीतही संपादकांनी स्वीकारलेला पाठ वर आणि नाकारलेले पाठ खाली नोंदविले आहेत. आपला निर्णय चुकला असल्यास पुढच्या वाचकाला तो तपासता यावा, हा त्यात हेतू असतो. करारपत्राची दुरुस्तीही ह्याच न्यायाने झाली पाहिजे. चूक काय होती हे ज्या दुरुस्तीत वाचता येते, तीच दुरुस्ती पुराव्यास उतरते.

८. समारोप

त्या गृहस्थांच्या मुलीने आमच्या ओसरीवरील चर्चेनंतर चूकदुरुस्तीपत्राचा मसुदा स्वतःच लिहून काढला आणि तो गावातील एका वकिलांनी पाहून दिला. विक्रेत्याने चॅसी क्रमांक व बाकीची रक्कम ह्या दोन्ही दुरुस्त्या विनातक्रार मान्य केल्या. ताब्याच्या जागेबाबत मात्र बोलणी झाली : वाहन शहरातून गृहस्थांनी आणावे आणि त्याबद्दल इंधनाचा खर्च विक्रेत्याने सोसावा, असे ठरून तेही पत्रात नमूद झाले. काटेकोरपणे पाहता ह्या तिसऱ्या कलमाने जुन्या हेतूची दुरुस्ती झाली नाही. तेथे दोघांनी नवीनच हेतू ठरविला. करार अधिनियमाच्या कलम ६२ प्रमाणे पक्षांना परस्परसंमतीने करारात बदल करण्याची मुभा आहे, म्हणून त्याला हरकत नाही. पण मसुद्यात त्याला 'दुरुस्ती' न म्हणता 'बदल' म्हणावे असे प्रस्तुत लेखकाने सुचविले, आणि तसे ते लिहिले गेले.

विभागातील विद्यार्थ्यांना अर्थविचार शिकविताना आपण निर्देश, संदिग्धता, संदर्भ ह्या संज्ञांची उदाहरणे बहुधा परभाषेतील पुस्तकांतून घेतो. इसारपावत्या, भाडेपत्रे आणि खरेदीखते ह्यांच्यात ती मराठीत आणि मुबलक सापडतात. शिवाय तेथे अर्थ चुकला तर कोणाचा तरी इसार, वाहन किंवा शेत अडकून पडते. तेव्हा सही करण्यापूर्वी आकडे व अक्षरे परस्परांशी ताडून पाहणे, क्रमांक मूळ नोंदणी प्रमाणपत्रावरून अक्षर अक्षर जुळविणे आणि गावाचे नाव तालुका-जिल्ह्यासह पूर्ण लिहिणे, एवढी काळजी सर्वांनी घ्यावी. तरीही चूक राहिलीच, तर ती कोणत्या जातीची आहे हे आधी ठरवावे आणि मगच उपायाला लागावे.